बिल्ला पांढरा होता

हॅलो?

हां, बोल चिमे. … नाही गं, कसली झोपतेय. कपड्यांच्या घड्या घालत होते. बोल.

कोणाचा फोन? … ह्यांचा? तुमच्याकडे? … बरं, मग? काय म्हणाले?

काय?

परत सांग एकदा. … ढब्बूची सॅक. तुझ्या लेकाला. … आणि बूटही? बर्फातले? … नाही, मला काही माहीत नाही. … अगं, माहीत असतं तर असं विचारलं असतं का? राहते मी या घरात, पण बातम्या मला तुझ्याकडून कळतात.

थांब, दार लोटून घेते… हां. बोल आता. मी हळू बोलतेय, ते आतच आहेत. ढब्बूच्या खोलीत. … सकाळपासून. खोली रिकामी करणं चाललंय. पलंग उभा करून भिंतीला लावलाय, गादी पॅसेजमध्ये. पाणी प्यायला जायचं तरी मला गादीला वळसा घालून जावं लागतंय. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत येईल म्हणे.

मी? मी कशाला सांगेन! … कोण म्हणालं असं? … "तिचीच इच्छा आहे" म्हणाले? तुझ्या नवऱ्याला? अगदी हेच शब्द?

तेच. चिमे, तेच तर चाललंय इथे. मलाही तेच ऐकवतात. "तू म्हणालीस तसंच करतोय." मी विचारते, कधी म्हणाले मी? कुठे म्हणाले? अगं, ज्या खोलीतल्या उशीची खोळसुद्धा मी पोर गेल्यापासून धुतलेली नाही, ती खोली मी रिकामी करायला सांगेन? तूच सांग.

… नाही, विसरतबिसरत काही नाहीत. डोकं चांगलं शाबूत आहे. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मला नसते माहीत, त्यांना असते. फक्त हे एकच. आणि हे आजचं नाही. सहलीवरून आलो ना आम्ही, तेव्हापासून सुरू आहे.

हो, तीच. बर्फातली. दुसरी कुठली सहल केलीये मी आयुष्यात!

… तुला सांगितलं ते खरंच आहे गं. छोटंसं जहाज, माणसं चांगली, फोटो सुंदर, सगळं खरं. पण सगळं नाही सांगितलं. … सांगणार होते. तू लगेच हंबरडा फोडतेस म्हणून नाही सांगितलं. … बघ, अजून काही ऐकलं नाहीस आणि आवाज बदलला. मग नाही सांगत, जा.

बरं, बरं. ऐक. मधे मधे बोलू नकोस.

मी मागे राहिले होते. … मागे म्हणजे मागे! बेटावर. सगळे जहाजावर गेले, जहाज निघून गेलं, आणि मी तिथेच. … एकटी. … नाही, प्राणीबिणी कोणी नव्हते. बर्फ, दगड आणि मी.

अगं, आले ना परत! तुझ्याशी कोण बोलतंय मग?

मोजतात की. का नाही मोजत? इनमिन बारा माणसं आम्ही. पण ते डोकी नाही मोजत, बिल्ले बघतात. … बिल्ले गं. जहाजावर चढायच्या जिन्यापाशी एक फळी आहे, तिला खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर ज्याचा त्याचा बिल्ला. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. खाली उतरताना आपला बिल्ला लाल करून जायचं, वर आलं की पांढरा. ज्याचा त्यानेच. सहलीचा लीडर पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगत होता, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ असो. फळी सगळी पांढरी झाली की जहाज हलतं.

आता तुला तुझे भावजी माहीत आहेत.

… हो ना! हसतेस काय! माझं तिकीट ह्यांच्या खिशात, माझ्या गोळ्या ह्यांच्या डबीत, हॉटेलात मला काय आवडेल तेही हेच सांगणार. पहिल्या दिवसापासून माझा बिल्ला हेच फिरवत होते. ते हातमोजे इतके जाड, की माझ्या बोटांत काही धरताच यायचं नाही. जाताना लाल हे करणार, येताना पांढरा हेच करणार. बायकोची काळजी घेणारा नवरा म्हणून सगळ्यांना कौतुक!

थांब, आलेत वाटतं…

काय हो? … चिकटपट्टी? वरच्या खणात बघा, बॅटरीच्या मागे. … चिमी आहे. … सांगते. … काय? … पुन्हा तेच? मी कधी म्हणाले खोली आवरा म्हणून? माझ्या तोंडात शब्द घालू नका! एका वस्तूला हात लावलात तर याद राखा. … चिकटपट्टी ठेवा तिथे. ठेवा!

गेले. … ऐकलंस ना? आपल्या कानांनी ऐकलंस? आणि वर गंमत बघ, मी अशी अंगावर गेले की त्यांचा चेहरा खुलतो. जीव भांड्यात पडल्यासारखे हसतात आणि निघून जातात. रोज. सकाळी चहाला एकदा, संध्याकाळी एकदा. "तू म्हणालीस तसं." मग मी ओरडते, मग हे हसतात. … आवडतं म्हणून? बोलणी खायला कोणाला आवडतं गं? तुझ्या नवऱ्याला आवडत असेल.

हां, तर बेटावर.

त्या लीडरची एक पद्धत होती. परत निघायच्या आधी सगळ्यांना लांब लांब बसवायचा. बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. नुसतं ऐकत बसायचं. … बर्फ! आणखी काय असतं तिथे ऐकायला? आवाज असतो त्याला. कुरकुरतो, मधेच लांब कुठेतरी कण्हल्यासारखा येतो. … आणि ज्याचं बसून झालं त्याने दुसऱ्याला न हलवता उठायचं आणि हळूच रबरी होडीपाशी जायचं. तिथून ती होडी दोघा-चौघांना घेऊन जहाजावर पोचवते. ह्यांचे पाय गारठले होते. हे पहिल्याच खेपेला निघाले. मी हातानेच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी येते शेवटच्या खेपेला. आणि मी आणखी पलीकडे गेले, एका कातळाच्या मागे. तिथून कोणी दिसत नव्हतं. मला कोणी दिसायला नकोच होतं.

हे वर चढले, आपला बिल्ला फिरवला. आणि हाताच्या सवयीने माझाही.

… हो. … हो गं, तसंच. शेवटच्या खेपेला होडीवाल्याने वायरलेसवरून विचारलं, अजून कोणी आहे का. वरून उत्तर आलं, फळी पांढरी आहे, या. आणि मग धुकं उतरलं.

चिमे. … चिमे, मी रडत नाही तर तू कशाला रडतेस?

भीती? आधी नाही वाटली. खरं सांगू? बरं वाटलं. पोर गेल्यापासून पहिल्यांदा मला कोणी "कशी आहेस" म्हणून विचारत नव्हतं. मी ढब्बूशी बोलत बसले. मोठ्याने. … म्हणजे काय बोलणार, जेवलास का, थंडी वाजते का, टोपी कुठे घातलीस. लहानपणी ढब्बू होता, मोठा झाला तर हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता, थंडी सोसायची नाही त्याला. आणि मग… मग ओरडले मी. शेजारीपाजारी आहेत म्हणून इथे कधी ओरडता आलं नाही, ते सगळं.

हेच की, मी ह्यांना माफ करणार नाही. ह्या जन्मात नाही.

… अपघात होता. हो. सगळे तोच शब्द वापरतात, तूही वापरतेस. पण त्या डोंगरावर दोरी होती ना दोघांच्या मधे? एक टोक बापाच्या कमरेला, एक पोराच्या. तिथला वाटाड्या बजावत होता, मी सांगेपर्यंत गाठ सोडायची नाही. पोर म्हणालं, "बाबा, जरा पुढे जाऊन फोटो काढतो, सोडा ना." आणि ह्यांनी सोडली. मला अजून रस्ता ओलांडताना हाताला धरून नेणारा माणूस हा! … माहीत आहे. लाडाने सोडली, माहीत आहे मला. म्हणून काय झालं?

… नाही. नाही म्हणणार. … अगं, तू काय मला आज ओळखतेस? माझी निळी छत्री तू हरवलीस, ती मी अजून धरून आहे. आई म्हणायची ना, हिच्याशी भांडू नका, ही भांडण जपून ठेवते. आहेच मी तशी. छत्री मी विसरत नाही, तर पोर विसरेन?

जाऊ दे. ऐक पुढचं, खरं तर तेच सांगायचंय.

किती वेळ गेला कोण जाणे. पायांचं लाकूड झालं होतं, तेव्हा कुठे भीती वाटायला लागली. आणि मग धुक्यातून होडीचा आवाज आला. दिवा दिसला. लीडर पाण्यातच उडी मारून धावत आला, मला पोत्यासारखं उचललं आणि होडीत टाकलं. वर आले तर सगळे जिन्यापाशी उभे. मला वाटलं आता मिठ्या मारतील, रडतील. पण कोणी पुढेच येईना गं. माझ्याकडे बघायचे, मग ह्यांच्याकडे बघायचे, मग पुन्हा माझ्याकडे.

का म्हणजे? … मलाही तेव्हा कळलं नाही. रात्री त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आमच्या समोरच्या केबिनमधल्या. हे म्हणे वर आल्यावर सरळ स्वयंपाक्याकडे गेले आणि दोन वाडगे सूप घेतलं. "बायको दमलीये, केबिनमध्ये पडलीये, तिलाही देतो." … हो, असं म्हणाले. मी तिकडे बेटावर आणि हे माझ्यासाठी सूप नेतायत! आणि मग काही वेळाने हेच बोंबलत वर आले. "जहाज फिरवा, माझी बायको मागे राहिलीये." सगळे म्हणाले, अहो, फळी पांढरी आहे. स्वयंपाकी म्हणाला, अहो, तुम्हीच तर आता सूप नेलंत तिच्यासाठी. कोणाचं ऐकेनात. कप्तानाची कॉलर धरली. ह्यांनी! साध्या रिक्षावाल्याशी आवाज चढवत नाहीत कधी.

… तेच ना. केबिनमध्ये आहे म्हणणारे हेच आणि बेटावर आहे म्हणणारेही हेच. मी विचारलं. दहा वेळा विचारलं. "तुम्हाला कसं कळलं?" म्हणतात, कळलं.

लीडरचं म्हणणं, डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, दचकून जागे झाले असतील. मीही तेच धरून चालले होते. … वाडगे? दोन्ही रिकामे होते. … आता एका माणसाने दोन वाडगे सूप पिणं काही अवघड आहे का, चिमे? उगाच काही बोलू नकोस. दुपारची वेळ आहे आणि अंगावर काटा आणतेस.

आला ना मलाही. … विमानात आला. परत येताना. सगळे झोपले होते आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू केबिनमध्ये बोललीस ना, त्याने मी सुटलो." मी म्हटलं, मी कधी केबिनमध्ये होते? तर म्हणाले, "पलीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, त्याची खोली आता रिकामी करा, सामान कोणाच्या तरी उपयोगी पडू दे. आणि म्हणालीस…" … नाही, पुढचं नाही सांगितलं त्यांनी. तिथेच थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, वेड लागलंय तुम्हाला, असलं काही मी मेले तरी म्हणणार नाही. तर तेव्हाही असेच हसले आणि घोरायला लागले.

… मला काय वाटतं? मला वाटतं, मला विसरून आले ना, त्याची लाज वाटली असेल. मग आपल्याच मनाने केबिनमध्ये एक बायको बसवली. कमी भांडणारी. … हसू नकोस, मी खरं सांगतेय. कधी कधी ना, ते आत एकटे असतात आणि मला वाटतं, माझ्याशी नाही, तिच्याशी बोलतायत. आणि मला राग येतो. माझ्या घरात, माझ्या पोराची खोली ती रिकामी करतेय!

… हो, बरोबर आहे तुझं. इथे बसून काय उपयोग. जाते. थांबवते. … अगं फोन घेऊनच जाते, तू राहा लाइनवर. गादी आलीच मधे… हां.

अहो—

…

काही नाही गं. आहे मी. थांब जरा.

… दोरी गुंडाळतायत. ढब्बूची, पिवळी. … तीच नाही, ती तिकडेच… ही घरातली, दुसरी. ती एकट्याने गुंडाळता येत नाही, चिमे, पीळ पडतो. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने कोपरावर वेटोळी घ्यायची. डोंगरावरून आले की दोघं पॅसेजभर उभे राहायचे, मी मधून दुधाचं पातेलं घेऊन जायचे आणि दोघांना शिव्या घालायचे. आता ह्यांनी ते टोक दाराच्या कडीला बांधलंय. कडीला गं. आणि कडीशीच बोलतायत, "ताण, जरा ताण."

… नाही. नाही रडत.

अहो. … द्या ते टोक इकडे. … ओरडायला नाही आले मी. सोडते गाठ, थांबा. … सुटली. हं, धरलंय. गुंडाळा तुम्ही. … चिमे, ठेवू नकोस हं, फोन खांद्यात धरलाय मी.

… माझ्या तोंडाकडे नका बघू, गुंडाळा. … किती म्हातारे दिसताय हो तुम्ही. कधी झालात एवढे?

अहो, ऐका. … नाही, खोलीचं नाही. खोलीचं बघू नंतर.

तुमची चूक नव्हती.

… हो, मीच म्हणतेय. त्याने माझ्याकडे मागितलं असतं तर मीही सोडली असती गाठ. त्याला कधी नाही म्हटलंय का आपण?

चिमे… ऐकलंस? म्हणाले गं मी. ठरवून नाही, आपोआप आलं तोंडातून, पण खरं आहे ते. पोटातून खरं आहे. इतकं हलकं वाटतंय, तुला कसं सांगू…

अहो? दोरी का सोडलीत?

काय झालं? … मागे कशाला सरकताय? पलंग आहे मागे, पडेल अंगावर. … काय? मोठ्याने बोला. … काय म्हणालात?

चिमे, हे काय म्हणतायत… म्हणतायत, तीही हेच म्हणाली होती. केबिनमधली. शेवटी. "तुमची चूक नव्हती." ह्याच आवाजात, अशीच हळू. आणि म्हणतायत, ते कानावर पडलं आणि मला कळलं, ही माझी बायको नाही. माझी बायको हे कधीच म्हणणार नाही. म्हणून धावत वर गेलो. म्हणून कॉलर धरली त्याची.

… म्हणून आलात होय मला न्यायला.

आणि मी रोज तुमच्यावर ओरडायचे… तेव्हा तुम्ही बघत होतात? नक्की मीच आलेय का ते? म्हणून हसत होतात?

अहो, मीच आहे! … हात लावून बघा. बघा ना, इकडे या. … नका हो असं बघू माझ्याकडे. रागावले नाही म्हणजे मी नाही, असं असतं का कुठे? … मीच आहे हो. तुमची शपथ, मीच आहे.

थांबा, हिला विचारा. चिमीच आहे फोनवर, पाळण्यात होती तेव्हापासून ओळखते मला. ही सांगेल. … चिमे, स्पीकरवर टाकलाय बघ. सांग गं ह्यांना. ही ताईच आहे म्हणून सांग.

चिमे?

… ऐकू येतंय ना? तुझा श्वास ऐकू येतोय मला. बोल ना गं. छत्रीचं बोल, कशाचंही बोल.

चिमे, तू का गप्प झालीस?

… अगं… ठेवलास फोन?